चढाची जोडी आणि सोळा दात्यांची सायकल

चाकाच्या शोधाने मानवजातीची प्रगती सुरू झाली आणि नंतर ती कुठेही थांबली नाही, असे इतिहासाच्या सर्व पुस्तकांत एकमताने लिहिलेले आहे. ही पुस्तके लिहिणारे पिरंगुटचा घाट चढले नसावेत. त्या घाटाखाली प्रगती रोज थांबत असे, खाली उतरत असे आणि सायकलचे हॅन्डल धरून पायी चालू लागत असे.

बैलगाड्यांच्या काळात निराळी व्यवस्था होती. पौडाकडून तांदूळ नाहीतर कोळसा भरून पुण्याला निघालेली गाडी घाटाखाली आली की गाडीवान हाक मारायचा, आणि भरे गावचे कोंडाजी आपली जोडी घेऊन पुढे व्हायचे. गाडीच्या दोन बैलांपुढे हे दोन जुंपायचे, चौघांनी मिळून गाडी वर न्यायची, वर गेल्यावर आपले दोन सोडून परत खाली यायचे. याला चढाची जोडी म्हणत. कोंडाजींच्या वडिलांचाही हाच धंदा होता. घाट तिथून हलण्याचे काही चिन्ह दिसत नसल्यामुळे तो नातवंडांनाही पुरेल, असा घरात सर्वांचा समज होता.

घाट हलला नाही. लॉऱ्या आल्या. लॉरीला पुढे बैल लागत नाहीत हे कोंडाजींनी कधी मान्य केले नाही. लॉरीवाले गर्विष्ठ असतात एवढेच मान्य केले. एकोणीसशे एकोणसाठ सालीही ते रोज सकाळी गुलब्या आणि भिंगऱ्या या आपल्या बैलांना घेऊन घाटाखालच्या करंजाखाली जाऊन उभे राहत. बैल रवंथ करीत. कोंडाजी रस्त्याकडे पाहत. दुपारी तिघेही घरी येत.

त्यांचा मुलगा भैरू सातवी पास होता, आणि त्याला त्या वर्षी कोथरूडच्या अलीकडे निघालेल्या कौलांच्या कारखान्यात नोकरी लागली. नोकरी हंगामी होती. दिवाळीपर्यंत काम बघून कायम करू, असे साहेबांनी सांगितले होते. काम म्हणजे ओली कौले फळीवर ठेवणे, आणि ते कोणीही बघितले तरी सारखेच दिसत असे. म्हणून प्रत्यक्षात बघितली जायची ती वेळ. भोंगा वाजल्यावर फाटकातून आत येणाऱ्याच्या नावापुढे लाल फुली पडे. तीन फुल्या झाल्या की नाव जाई.

भैरूला कायम होण्याची घाई होती, आणि तिचे नाव जया. लग्न होऊन वर्ष झाले होते, पण जया उरवड्याला माहेरीच होती. तिचे वडील कुशाबा हे व्यवहारी गृहस्थ. त्यांनी व्याह्यांच्या ओसरीवर बसून, चहा पिऊन झाल्यावर, स्पष्ट सांगितले होते.

"पाव्हणं, राग मानू नगा. पर तुमच्या घरात समदं हंगामी हाय. पाऊस हंगामी, भात हंगामी, आन् बैलं तर नुसतीच हुबी. घरात एक कायमची नोकरी दावा, दुसऱ्या दिशी लेक नांदाया धाडतो."

कोंडाजींनी राग मानला नाही. ते फक्त बैलांना पाणी दाखवायला उठले आणि व्याही जाईपर्यंत पाणी दाखवत राहिले.

तेव्हा सायकल घ्यायची ठरली. भरे गावात त्या वेळी एकही सायकल नव्हती, त्यामुळे सायकलविषयी मत नसलेला माणूसही नव्हता. कोणी म्हणाले हिरवी घ्या, कोणी म्हणाले बायकांची घेऊ नका, तिला मधली दांडी नसते, मग बसणार कशावर. कोंडाजींनी सर्वांचे ऐकून घेतले. घाटात काय लागते हे गावात एकाच माणसाला ठाऊक होते, आणि त्याने स्वतःचे मत अजून दिले नव्हते.

पुण्याच्या रविवार पेठेत केसकरांचे सायकलचे दुकान होते. केसकर जुन्या सायकली सुट्या करून त्यांच्या नव्या करीत आणि गिऱ्हाईक दिसले की आधी शिकवीत, मग विकीत. त्यांनी विचारले,

"जायचं कुठून कुठे?"

"भऱ्यावरनं कोथरूडला," भैरू म्हणाला. "कामाला. रोज."

"म्हणजे मधे पिरंगुटचा घाट." केसकरांनी तीन दातेरी चकत्या काढून फळीवर मांडल्या. "नीट बघा. मागच्या चाकाला बसते ती ही. फ्रीव्हील. ही सोळा दात्यांची. एकदा पेडल मारलंत की सायकल लांब पळते, पण चढाला लावलीत तर गुडघे जातील. ही बावीस दात्यांची. चढाला हलकी, मात्र सपाटीला पाय नुसतेच फिरतात. ही अठरा, ती मधली. तिघींतली एकच बसते. तुम्ही बावीस घ्या."

कोंडाजींनी तिन्ही चकत्या एकेक करून हातात जोखल्या.

"सपाटीला पळती ती कंची म्हणलात?"

"सोळाची."

"ही बसवा."

"अहो, पण घाट?"

"घाटाचं आमच्याकडं हाय."

"काय आहे?"

"जोडी."

केसकरांनी भैरूकडे पाहिले. भैरू दुकानाच्या पाटीकडे पाहत होता.

"म्हंजी बगा," कोंडाजींनी समजावून सांगितले, "घाटात बैलं वडणार. घाट सोडला तर ऱ्हायली ती सपाटी. मग बैलाचं काम चकतीला कशापायी सांगायचं? एका कामाला दोघं लावली की दोघं बी बसून ऱ्हात्यात."

या युक्तिवादात कुठे तरी चूक असली पाहिजे, अशी केसकरांची खात्री होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, पण चूक सापडली नाही. त्यांनी सोळाची चकती उचलली. कोथरूडहून परत येतानाही एक चढ आहे, हे त्यांनी जाता जाता सुचवून पाहिले. पण तो आपल्या नव्हे, हवेली तालुक्यात मोडत असल्यामुळे कोंडाजींनी त्याची दखल घेतली नाही.

"दिवा कुठला देऊ? डायनमो आहे. चाकाला घासतो आणि पेटतो."

"म्हंजी चाकाला अडवायचं आन् उजेड पाडायचा? नगं. घरी कंदील हाय."

"घंटी?"

"बैलांच्या गळ्यात हायेत की."

"ब्रेक मात्र चांगले घ्या. उतार आहे."

"उताराला गाडीच्या मागनं लाकूड वडत न्यायाचं असतंय. बाभळीचं. आमच्याकडं हाय. ब्रेक असतील ते ऱ्हाऊ द्या, मोडू नगा." कोंडाजी वाकले आणि हॅन्डलच्या खाली, मानेपाशी बोट लावून म्हणाले, "हितं एक कडी बसवा."

"सायकलला तिथे कडी नसते."

"म्हनूनच बसवा म्हणतुया."

कडी बसवून घेतली. केसकरांनी त्या दिवशी दुकान जरा लवकर बंद केले.

पहिल्या दिवशी भैरू उजाडताच भऱ्याहून निघाला. घाटाच्या पायथ्यापर्यंत सोळाच्या चकतीने आपली किंमत वसूल केली. सायकल अशी पळाली की भैरूला जया दिवाळीला घरी दिसू लागली. करंजाखाली कोंडाजी जोडी घेऊन उभे होते. बैलांच्या शिंगांना त्यांनी नवा रंग दिला होता.

जुवाला दोर, दोराचे टोक कडीला. भैरू सीटवर बसला. कोंडाजींनी बैलांच्या पाठीवर हात टाकला आणि अनेक वर्षांनी चढाची जोडी घाटाला लागली.

सायकल चालत राहिली तरच उभी राहते. ती किती वेगाने चालावी, याबद्दल मात्र बैलांशी कोणीच बोलले नव्हते. बैल बैलाच्या चालीने चालले. भैरू एकदा डावीकडे पडला, एकदा उजवीकडे, आणि एकदा कुठेच न पडता दोरात अडकून राहिला.

"खाली उतर," कोंडाजी म्हणाले. "तू वर हललास की बैलं बुजत्यात."

भैरू उतरला आणि हॅन्डल धरून बैलांच्या मागे चालू लागला. घाटात सगळेच सायकलवाले हेच करीत. फरक इतकाच की ते पुढे निघून जात. एक दूधवाला गेला, मग तारा घेऊन जाणारा पोस्टाचा माणूस गेला. दुसऱ्या वळणावर धुळा धनगर मेंढरे घेऊन मागून आला आणि मेंढरे दोन्ही बाजूंनी त्यांना ओलांडून जाऊ लागली.

"काय कोंडाजीबाबा," धुळा म्हणाला, "सायकल आजारी हाय का?"

"न्हाई. कामाला चाललीया."

"मग बैलं आजारी हायेत?"

"तुजी मेंढरं आवर, धुळा. मानसं येळंवर जात्यात ह्या रस्त्यानं."

"व्हय, दिसतंय की," असे म्हणून धुळा शेवटच्या कोकराबरोबर पुढे गेला.

वर गेल्यावर दोर सोडला. भैरूने सोळाची चकती जितकी पळेल तितकी पळवली, पण फाटक दिसले तेव्हा भोंगा वाजून गेला होता. पहिली फुली पडली.

संध्याकाळी कोंडाजींनी सर्व ऐकून घेतले. मग चंची सोडली, पान लावले, ते खाल्ले आणि निदान केले.

"सायकलीत वजन न्हाई."

"आबा, सायकल हलकी असती तेच बरं असतंय."

"तुला बरं. बैलाला न्हाई. गुलब्याच्या बापानं भाताची भरली गाडी वर नेलीया. मागं वढ लागला तर बैल मान खाली घालतो आन् रेटा देतो. तुज्या सायकलीचा त्येला पत्ताच लागंना. त्येला वाटतंय, चला, हिंडाया न्हेलंय."

भैरूची आई रत्नाबाई चुलीपुढून म्हणाली, "अवं, मग पोराला नुसता पायीच चढू द्या की. हातात सायकल घिऊन बी त्यो तुमच्या आदी जाईल."

"आन् जोडी?"

रत्नाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. थोड्या वेळाने कोंडाजी गोठ्याकडे गेल्यावर ती मुलाला म्हणाली, "दोन वरसांनी त्येनी बैलांची शिंगं रंगवली. काय बोलू मी?"

दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरवर एक दगड बांधला गेला. दगड चांगला होता. कोंडाजींनी तो ओढ्यातून स्वतः निवडून आणला होता. ज्याच्यावर वाटण वाटता येईल असा सपाट, कलंडू नये म्हणून. त्याने बैलांच्या चालीत काही फरक पडला नाही, पण घाट संपल्यावर सपाटीला सायकलच्या चालीत पडला. दगड घाटाच्या माथ्यावर काढून ठेवायची भैरूची इच्छा होती, पण तो ज्या गाठीने बांधला होता ती कोंडाजींच्या घराण्याची गाठ होती आणि ती सोडायला कोंडाजी लागत, आणि ते तोवर बैल घेऊन खाली निघाले होते. दगड कोथरूडला गेला आणि परत आला.

भैरूने मग लवकर निघून पाहिले. कोंडाजी करंजाखाली यायच्या आत आपण सायकल ढकलत घाटापार झालो तर कोणाचे मन दुखणार नाही, असा त्याचा हिशेब होता. तांबडे फुटायच्या आधी तो पायथ्याशी आला, तर अंधारात घुंगरे वाजली.

"आलास?" कोंडाजी म्हणाले. "मला वाटलंच, तू आज लौकर निघशील. म्हनून आमी बी लौकर आलो."

अशा लवकर निघण्याने काही दिवस नीट गेले. बाप, मुलगा, दोन बैल, एक सायकल आणि एक दगड अंधारात घाट चढत आणि भैरू भोंग्याच्या आत पोचे. पण बैलांना झोपेची सवय होती. एका सकाळी तिसऱ्या वळणावर भिंगऱ्या रस्त्यात बसला. कोंडाजींनी त्याला उठवण्याची घाई केली नाही. बसलेल्या बैलाला घाई केली तर तो ते लक्षात ठेवतो, असे त्यांचे मत होते. दुसरी फुली त्या दिवशी पडली.

कारखान्याचे टाइमकीपर खांबेटे म्हणून होते. सरळ माणूस. फुली टाकण्याआधी ते प्रत्येकाला कारण विचारीत. कारणाने फुली टळत नसे, पण विचारले नाही असे कोणी म्हणू नये.

"उशिराचं कारण?"

"बैल बसला, साहेब."

"कुठला बैल?"

"भिंगऱ्या."

"नाव नाही विचारलं. तू गाडीने येतोस का?"

"न्हाई, सायकलवर."

"मग बैल रस्त्यात आडवा आला असं म्हण."

"आडवा न्हाई आला. पुढं हुता. सायकलला जुंपल्याला."

खांबेट्यांनी लेखणी खाली ठेवली. "भैरू, मी इथे बसून पुष्कळ ऐकलं आहे. एकाची आजी चार वेळा गेली. ते मी ऐकून घेतलं, कारण आजी माणसाला असते. सायकलला बैल नसतात."

"आमच्या सायकलला हायेत, साहेब."

"आणि हा मागे बांधलेला दगड कशाला?"

"बैलांला जोर यावा म्हनून."

खांबेट्यांनी लेखणी उचलली आणि फुली टाकली. ती पहिलीपेक्षा जरा मोठी पडली. "आता एक राहिली," ते म्हणाले. "तिच्या वेळेला तरी नीट कारण आण."

दिवाळी जवळ आली होती. भैरूने त्या संध्याकाळी धीर केला. कोंडाजी गोठ्याच्या दारात बसून जुवाला तेल लावत होते.

"आबा, केसकरांच्या दुकानात जाऊन ती बावीसची चकती बदलून आणू का?"

"का रं?"

"चढाला हलकी पडती."

"चढाला जोडी हाय न्हवं?"

"हाय. पर एकच फुली ऱ्हायली, आबा. ती पडली की नाव गेलं. नाव गेलं की जयाचा बाप..." पुढे तो बोलला नाही.

कोंडाजींनी जुवावरून चिंधी फिरवली. मग म्हणाले, "तुजा जोडीवर भरवसा न्हाई. खरं सांग."

"तसं न्हाई, आबा."

"मग कसं? माजा बाप घाटात हुबा ऱ्हायला, मी हुबा ऱ्हायलो. एक गाडी मागं सोडली न्हाई आमी. आन् सोताच्या पोराची सायकल येळंवर पोचंना, तर मी तितं हुबा ऱ्हाऊन करतोय काय, ते सांग."

भैरूला उत्तर येत होते. पण तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसं."

कोंडाजींनी रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी त्यांचा चेहरा निवांत होता. चूक त्यांना सापडली होती.

"येळ कशात जातोय सांगू? जुंपन्यात आन् सोडन्यात. खाली जुंपायचं, वर सोडायचं, गाठी मारायच्या, गाठी सोडायच्या. उद्या मधी सोडायचंच न्हाई. हितनं दारातनं जुंपायचं ते थेट कारखान्यात. मी सोता येतो. बगू कशी फुली पडती."

रत्नाबाईने कपाळावर हात मारला, पण तो चुलीच्या धुरात कोणाला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी चांदणे असतानाच भरे गावातून मिरवणूक निघाली. पुढे गुलब्या आणि भिंगऱ्या, त्यांच्या बाजूला कोंडाजी, मग लांब दोर, दोराला सायकल, सायकलवर दगड, आणि सायकल धरून भैरू. कंदील हॅन्डलला लावला होता. बाभळीचे लाकूड बरोबर घेतले होते आणि त्याचाही उपयोग झाला. घाटापलीकडच्या उतारावर सायकल बैलांच्या पायांत जाऊ लागली, तेव्हा ते मागे बांधून फरफटत न्यावे लागले. सायकलला जे जे सामान जोडले होते ते सर्व त्या दिवशी पहिल्यांदाच एकाच वेळी कामाला आले. फक्त फ्रीव्हील बसून होती. रस्त्यात पाऊसही पडून गेला, आश्विनात पडतो तसा, कोणाला न विचारता.

भूगावच्या पुढे उजाडले. बावधनला ऊन आले. कोथरूडच्या अलीकडे असताना दुरून भोंगा ऐकू आला.

"वाजला," भैरू म्हणाला.

"वाजू दे. आपन थांबायचं न्हाई," कोंडाजी म्हणाले, आणि बैलही थांबले नाहीत, त्यांनी आपली चालही बदलली नाही.

फाटकात खांबेटे उभे होते. त्यांनी बैल पाहिले, दोर पाहिला, दोराच्या टोकाला सायकल पाहिली. ते सरळ माणूस असल्याचे वर सांगितलेच आहे. ते पुढे झाले आणि म्हणाले,

"भैरू, मी त्या दिवशी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. माझी चूक झाली. सायकलला बैल आहेत."

"व्हय, साहेब."

"पण भोंगा झाला आहे."

आणि त्यांनी तिसरी फुली टाकली.

भैरू फळीवरच्या ओल्या कौलासारखा उभा राहिला. आत पाहिले तर काम सुरूच झालेले नव्हते. पहाटेच्या पावसाने मातीच्या खाणीत चिखल झाला होता आणि माती आणणारी लॉरी त्यात निम्म्या चाकापर्यंत बसली होती. माती नाही तर कौले नाहीत, म्हणून सगळे कामगार काठावर उभे राहून लॉरीला सल्ला देत होते. काम सुरू झाले नव्हते. फक्त उशीर सुरू झाला होता.

मॅनेजर साहेब काठावरून फाटकाकडे आले. त्यांच्या बुटांना चिखल होता. त्यांनी जोडीकडे पाहिले.

"हे बैल कुणाचे?"

"माजं," कोंडाजी म्हणाले.

"लॉरी ओढतील?"

कोंडाजी खाणीत उतरले, लॉरीभोवती एक फेरी मारली, चाकांखाली वाकून पाहिले आणि विचारले, "हिला दोर कुटं लावायाचा असतो?" ड्रायव्हरने दाखवले. कोंडाजींनी सायकलचा दोर सोडला, लॉरीला घराण्याची गाठ मारली, चाकांखाली बाभळीचे लाकूड सारले. मग बैलांच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलले. काय बोलले ते कोणाला ऐकू आले नाही, पण गुलब्याने मान खाली घातली, भिंगऱ्याने मान खाली घातली, आणि दोघांनी असा रेटा दिला की जो दोर सायकलमागे इतके दिवस लोंबत होता तो काठीसारखा ताठ झाला. लॉरी हलली. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॉरी वर आली.

कोंडाजी घामाने भिजले होते. भैरूने बापाला असे हसताना पूर्वी पाहिले नव्हते, आणि क्षणभर तो तिसरी फुली विसरला.

"पावसाळ्यात लॉरी रोज बसते," मॅनेजर साहेब म्हणाले. "मातीला बैलच बरे. रोज येणार का?"

"हंगामी का कायम?" कोंडाजींनी विचारले. घरात या प्रश्नाची चर्चा बरीच झाली होती.

"हंगामी बैल ठेवून काय करू? कायम."

"आन् ह्यो माजा पोरगा हाय, साहेब. तुमच्याकडंच हाय कामाला. त्येला बी कायम करा की."

साहेबांनी खांबेट्यांकडे पाहिले. खांबेट्यांनी फुल्या दाखवल्या.

"तो उशिरा येतो," साहेब म्हणाले.

कोंडाजींनी मान हलवली. "त्ये बी खरंच हाय," ते म्हणाले. "मी त्येला रोज सांगतुया, येळंवर निघ म्हनून."

खांबेट्यांनी त्याच टेबलावर, त्याच लेखणीने, आधी भैरूचे नाव काढले आणि त्याखाली कोंडाजींचे घातले. बैलांची नावे घालायची की नाहीत यावर थोडी चर्चा झाली. शेवटी घातली नाहीत.

बातमी उरवड्याला पोचायला दोन दिवस लागले. कुशाबा तिसऱ्या दिवशी जयाला घेऊन आले. भैरू ओसरीवर बसला होता. त्याने सासऱ्यांना खरे ते सांगायला तोंड उघडले.

"मामा, माजी नोकरी..."

"कळलं, जावईबापू. समदं कळलं." कुशाबांनी लेकीचे गाठोडे खाली ठेवले. "मी काय म्हणलो हुतो? घरात एक कायमची नोकरी पायजे. कुनाची, ते कुटं म्हणलो हुतो? तुमी शेती बगा. तुमचं वडील हायेत खंबीर."

जयाने पदराआडून भैरूकडे पाहिले. ती हसत होती की नाही, हे त्याला नीट कळले नाही. पण ती आली होती.

दिवाळी त्या घरात चांगली झाली. भैरूने शेती बघायला सुरुवात केली. कोंडाजी कारखान्यातच राहत, म्हणून त्यांची भाकरी रोज सकाळी कोथरूडला पोचवायचे काम त्याच्याकडे आले. तो भऱ्याहून उजाडताच निघे, सपाटीला सोळाची चकती पळवी, घाटात उतरून हॅन्डल धरून चाले, वर गेल्यावर परत पळवी, आणि भोंगा वाजायच्या बराच आधी फाटकाशी उभा असे. खांबेटे त्याला पाहून घड्याळ लावीत.

बैलांच्या वेळेचा मात्र काही प्रश्नच उरला नव्हता. कारखान्याने त्यांना आवारातच गोठा दिला होता, आणि गोठ्यात राहणाऱ्यांना फाटकातून यावे लागत नसे.